तालुक्याच्या गांवीं पुस्तकाचें दुकान

गेल्या दिवाळीच्या सुटींत आम्ही कांहीं कामानिमित्त पुण्यास जाण्यास निघालों असतां आमच्या वर्गांतील एक विद्यार्थी घरीं आला. त्यानें खिशांतून दहा-दहाच्या चार नोटा काढून आमच्या हातीं दिल्या आणि म्हटलें, "सर, पुण्याहून माझ्यासाठीं एक पुस्तक आणाल का?" आम्हीं विचारलें, "कोणतें आणूं?" तो थोडा वेळ घुटमळला व खालीं पाहून म्हणाला, "कोणतेंहि आणा, सर."

हें उत्तर ऐकून प्रथम आम्हांस हसूं आलें; परंतु एस. टी.त बसल्यावर वाटभर तेंच उत्तर मनांत घोळत राहिलें, व हसूं मावळलें. हा मुलगा डोंगराकडील एका वाडींतला. आठवड्याच्या बाजारीं कोयता घ्यावयाचा झाला, तर तोच मुलगा दहा कोयते हातीं घेईल, पात्याची धार अंगठ्यानें पाहील, मुठीचा तोल पारखील आणि मग भाव करील. शेतांत उभें भात दुरून पाहून हा काळभात कीं दुसरा वाण, हें तो बिनचूक सांगेल. असा पारखी मुलगा पुस्तकाच्या बाबतींत 'कोणतेंहि' म्हणतो, ह्याचें कारण त्याच्या बुद्धींत शोधूं नये. दहा कोयते एके ठिकाणीं मांडलेले त्यानें पाहिले आहेत. आपण स्वतः एक निवडून घ्यावें अशीं दहा पुस्तकें एके ठिकाणीं मांडलेलीं त्यानें जन्मांत पाहिलेलीं नाहींत.

म्हणून ह्या अंकाच्या निमित्तानें आमच्या अकोल्यासारख्या गांवाविषयीं एक विचार आम्ही पालकांपुढें व विद्यार्थ्यांपुढें मांडूं इच्छितों. तालुक्याच्या गांवीं पुस्तकाचें एक खरें दुकान असावें. त्यांत नवीं, सवलतीचीं आणि जुनीं अशीं तिन्ही प्रकारचीं पुस्तकें शेजारीं शेजारीं ठेवलेलीं असावींत. आणि अधूनमधून एखाद्या लेखकानें तेथें येऊन वाचकांशीं बोलत बसावें. शाळा, ग्रंथालय व मोबाइल हीं असतांना ह्या दुकानाची गरज काय, असें पुष्कळांस वाटेल. तिचें उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

तालुक्याच्या गांवीं ज्यास आपण 'बुक डेपो' म्हणतों, तेथें सामान्यतः काय मिळतें? वह्या, कंपासपेट्या, प्रयोगवह्या, मार्गदर्शकें आणि परीक्षेपूर्वींचे प्रश्नसंच. ह्याबद्दल दुकानदारास दोष देतां येत नाहीं. गिऱ्हाईक जें मागतें तें तो ठेवतो. आणि गिऱ्हाईक तरी जें पाहिलेलेंच नाहीं तें मागणार कसें? असें हें चक्र आहे. तें कोणींतरी एका जागीं तोडलें पाहिजे, आणि आमच्या मतें तें किंमतीच्या जागीं तोडणें सर्वांत सोपें आहे.

किंमतीचाच विचार आधीं करूं. दोन-अडीचशें पृष्ठांचें नवें मराठी पुस्तक आज बहुधा तीनशें रुपयांच्या घरांत जातें. सन २०२४-२५ सालीं आपल्या राज्यांत रोजगार हमीच्या कामावर मजुरीचा दर दिवसास २९७ रुपये होता. म्हणजे एक नवें पुस्तक आणि बापाच्या अंगमेहनतीचा एक पुरा दिवस, हीं एका मोलाचीं झालीं. अशा बापानें आपल्या मुलास नवें पुस्तक घेऊन दिलें नाहीं, तर त्यास वाचनाची आवड नाहीं असें म्हणण्याचा अधिकार आम्हां पगारदार माणसांस नाहीं.

परंतु पुस्तकाचे नव्या किंमतीखेरीज आणखीहि दोन भाव असतात. मराठी पुस्तकाची आवृत्ति बहुधा हजार प्रतींची निघते. त्यांतील कांहींशें खपतात. उरलेल्या प्रकाशकाच्या गोदामांत पडून राहतात. गोदामास भाडें पडतें, पावसाळ्यांत ओल लागते, वाळवी वाट पाहात असते. अशा वेळीं प्रकाशक त्या प्रती निम्म्या किंवा त्याहूनहि कमी किंमतीस काढून टाकतो. हीं सवलतीचीं पुस्तकें. त्यांचा कागद कोरा असतो, मजकूर तोच असतो. केवळ छापतांना केलेला अंदाज चुकलेला असतो. तिसरा भाव जुन्या पुस्तकाचा. एकाचें वाचून झालें, घर बदललें, वडील वारले, मुलें शहरांत गेलीं, कीं पुस्तकें रद्दींत निघतात. रद्दीवाल्याच्या तागडींत ज्ञानेश्वरी आणि कालचें वर्तमानपत्र एकाच भावानें तोललीं जातात. तेथून तीं उचलून, धूळ झटकून, पानें मोजून, फाटलेली शिवण नीट करून जो फळीवर ठेवतो, तो जुन्या पुस्तकांचा विक्रेता होय. त्याच्या दुकानांतच आमच्या विद्यार्थ्याच्या चाळीस रुपयांस कांहीं किंमत आहे.

हीं तिन्ही प्रकारचीं पुस्तकें एकाच छपराखालीं असावींत असा आमचा आग्रह आहे, तो एका अनुभवामुळें. पुण्यास आप्पा बळवंत चौकांत जून महिन्यांत जाऊन पाहावें. तेथें श्रीमंताचा मुलगा व गरिबाचा मुलगा एकाच गर्दींत उभे असतात. एक कोरें पुस्तक घेतो, दुसरा वापरलेलें घेतो, आणि दोघांच्याहि पिशवींत शेवटीं तोच धडा असतो. जुन्या पुस्तकांची जागा वेगळ्या गल्लींत असती, तर तेथें जाण्याची गरिबास लाज वाटली असती व श्रीमंतास ती गल्ली ठाऊकहि झाली नसती.

जुन्या पुस्तकाविषयीं कित्येकांच्या मनांत कमीपणाची भावना असते, ती काढून टाकण्यासाठीं दोन थोर पुरुषांचीं उदाहरणें देतों. डॉ. बाबासाहेब आंबेडकर इ. स. १९१३ ते १९१६ ह्या काळांत बडोदें सरकारच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क येथें शिकत होते. शिष्यवृत्ति बेताची, घरींहि पैसे पाठवावयाचे. तरी फावल्या वेळांत जुन्या पुस्तकांचीं दुकानें धुंडाळून त्यांनीं तेथें सुमारें दोन हजार जुनीं पुस्तकें जमविलीं, असें त्यांचे चरित्रकार धनंजय कीर सांगतात. त्यांतील पुष्कळशीं पुढें गहाळ झालीं. परंतु पुस्तकें जमविण्याची ती ओढ कमी झाली नाहीं. पुढें दादर येथें त्यांनीं 'राजगृह' बांधलें, तें ग्रंथांस जागा हवी हें मनांत धरून.

दुसरें उदाहरण मायकेल फॅरडे ह्यांचें. लोहाराचा हा मुलगा इ. स. १८०५ सालीं चौदाव्या वर्षीं लंडनमधील रीबो नांवाच्या पुस्तकविक्रेत्याकडे बांधणीचें काम शिकण्यास राहिला. बांधणीसाठीं जीं पुस्तकें येत, तीं तो रात्रीं वाची. विश्वकोशांतील विजेवरचा लेख त्यानें असाच वाचला. दुकानाच्या धन्यानें त्यास हटकलें नाहीं. उलट उत्तेजन दिलें. सन १८१२ सालीं दुकानाच्या एका गिऱ्हाइकानें त्यास सर हम्फ्री डेव्ही ह्यांच्या व्याख्यानांचीं तिकिटें दिलीं. फॅरडेनें तीं व्याख्यानें ऐकून टिपणें केलीं, तीं स्वतःच्या हातानें बांधलीं व डेव्हींकडे पाठविलीं. पुढच्याच वर्षीं त्यास त्यांच्या प्रयोगशाळेंत जागा मिळाली. आज आमच्या वाड्यांवर जी वीज येते, तिच्या जनित्रामागें त्याच फॅरडेचा शोध आहे. त्याला शाळा थोडीच लाभली. बाकीचें शिक्षण त्यानें पुस्तकाच्या दुकानांत घेतलें.

ह्या दुसऱ्या गोष्टींत पुस्तकाबरोबर आणखी एक वस्तु आहे, ती म्हणजे ज्ञानी माणसाची प्रत्यक्ष भेट. आमच्या दुकानांत लेखकानें यावें असें आम्ही म्हणतों, तें ह्यासाठीं. आपल्याकडे कृष्णराव अर्जुन केळूसकर हे मिशनच्या विल्सन हायस्कुलांतील शिक्षक व ग्रंथकार होते. मुंबईंत चर्नी रोडच्या बागेंत एक मुलगा एकटाच वाचीत बसलेला त्यांना दिसे. त्याची त्यांनीं आपण होऊन विचारपूस केली. पुढें त्या मुलाच्या गौरवार्थ भरलेल्या सभेंत त्यांनीं आपणच लिहिलेलें बुद्धचरित्र त्यास स्वहस्तें भेट दिलें. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. बडोद्याच्या महाराजांकडे त्याच्यासाठीं शब्द टाकणारेहि केळूसकरच होते. लेखकानें वाचकास आपलें पुस्तक हातीं द्यावें व दोन शब्द बोलावे, ह्या साध्या गोष्टीचें फळ केवढें झालें, हें सर्वांस माहीत आहे.

मुंबईंतील मॅजेस्टिक ह्या पुस्तकविक्रेत्यांनीं व प्रकाशकांनीं चालू केलेल्या 'मॅजेस्टिक गप्पा' प्रसिद्धच आहेत. विलेपार्लें येथें श्रोते दाटीनें बसून लेखकांशीं संवाद ऐकतात, व जातांना पुस्तकें घेऊन जातात. परंतु असें सुख शहरांतच असतें. आमच्याकडे लेखक येतो तो स्नेहसंमेलनाचा पाहुणा म्हणून. त्यास उंच व्यासपीठावर बसवितात, शाल व श्रीफळ देतात. तो भाषण करून निघून जातो. त्याचें एकहि पुस्तक त्या दिवशीं गांवांत मिळत नाहीं. विद्यार्थी टाळ्या देतात, परंतु त्यांना त्याचें अक्षर वाचावयास मिळत नाहीं. त्यापेक्षां दुकानांत सतरंजी घालून तो बसला, मुलांनीं त्याचें पुस्तक आधीं वाचलेलें असलें, आणि कोणीं धीर करून विचारलें, "ह्या गोष्टींतला म्हातारा शेवटीं कां मरतो?" तर तीच खरी सभा होय.

आमच्या जिल्ह्यास पुस्तकांचा हा व्यवहार नवा नाहीं. आज अहिल्यानगर म्हणतात त्या अहमदनगरांत अमेरिकन मराठी मिशन इ. स. १८३१ सालीं आलें, आणि १८४२ सालीं तेथेंच 'ज्ञानोदय' पत्र सुरू झालें. त्या काळीं पुस्तकें विकणारे बंधु पाठीवर गांठोडें घेऊन गांवोगांवच्या बाजारांतून व जत्रांतून पायीं फिरत. शुभवर्तमानाच्या छोट्या प्रतीसहि ते थोडी कां होईना, किंमत घेत. फुकट मिळालेला कागद पुडी बांधण्यास जातो, पैसा देऊन घेतलेला जपून ठेवला जातो, हा त्यामागचा व्यवहार होता. आज सरकार व दानशूर मंडळी मुलांस पुस्तकें वाटतात, हें उत्तम आहे. त्यास आमचा विरोध नाहीं. परंतु वाटपांत निवड देणाऱ्याची असते. चाळीस रुपये हातीं असलेल्या मुलाची स्वतःची निवड तींत कोठें येते?

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप असा कीं, मोबाइलवर सर्व पुस्तकें मिळतात, घरपोंच येतात, मग दुकान कशास? मोबाइल मागितलेलें पुस्तक आणून देतो, हें खरें, आम्हीहि मागवितों. परंतु मागण्यास पुस्तकाचें नांव ठाऊक असावें लागतें. 'कोणतेंहि' असें त्यास सांगून पाहावें! दुकानांत मनुष्य एक पुस्तक शोधावयास जातो व शेजारचें दुसरेंच घेऊन येतो. तीन पानें उभ्या उभ्या वाचून न आवडल्यास परत ठेवतां येतें. दुकानदार आपणांस ओळखूं लागला, म्हणजे "तुम्हांला हें आवडेल" असें सांगतो, व तें बहुधा खरें ठरतें.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जुनें पुस्तक विकलें जातें तेव्हां लेखकास व प्रकाशकास एक पैहि मिळत नाहीं; मग हा अन्याय नव्हे काय? आमचें उत्तर असें कीं, त्या प्रतीचें मोल त्यांना एकदां मिळालेलें असतें. आणि जुन्या पुस्तकावर वाढलेला वाचकच पुढें कमावता झाल्यावर नवीं पुस्तकें घेतो. आमच्या तालुक्यांतील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे ह्यांना सन २०२० सालीं पद्मश्री जाहीर झाली, ती गांवरान बियाणें जतन करून शेतकऱ्यांस दिल्याबद्दल. जुनें पुस्तक आम्हांस तशा बियाण्यासारखें वाटतें. मात्र एका गोष्टीविषयीं आम्ही स्पष्ट बोलूं. शहरांच्या पदपथांवर नव्या गाजलेल्या पुस्तकांच्या चोरून छापलेल्या प्रती स्वस्तांत मिळतात. तीं जुनीं पुस्तकें नव्हेत. तो चोरीचा माल आहे, आणि तो घेणाराहि त्या चोरींत सहभागी होतो. आपल्या विद्यार्थ्यांनीं हा भेद ओळखावा.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे: असें दुकान चालणार कसें? ह्या आक्षेपापुढें आम्ही नमतों. टी. एन. शानभाग ह्यांनीं इ. स. १९४८ सालीं मुंबईंत कुलाब्याच्या स्ट्रँड चित्रपटगृहांत एक लहानसा पुस्तकांचा गाळा काढला. पुढें तो फोर्टांत गेला. पुस्तकें मोकळेपणीं हाताळूं देणें व छापील किंमतींत सूट देणें, ह्यावर 'स्ट्रँड बुक स्टॉल' नांवारूपास आला. त्याच्या वार्षिक विक्रीस लोक दुरून येत. शानभागांस २००३ सालीं पद्मश्री मिळाली. ते २००९ सालीं वारले, आणि २०१८ सालच्या फेब्रुवारींत तें दुकान बंद झालें. मुंबईंत जें टिकलें नाहीं तें अकोल्यास कसें टिकेल?

ह्यास दोन उत्तरें आहेत. एक तर दुकानाचा आकार गांवाच्या मानानें असावा. वेल्स देशांत हे-ऑन-वाय नांवाचें दोन हजारांहून कमी वस्तीचें गांव आहे. गेल्या शतकाच्या सातव्या दशकांत रिचर्ड बूथ ह्या गृहस्थानें तेथें जुन्या पुस्तकांचा व्यापार मांडला. पाहतां पाहतां अनेक दुकानें झालीं, आणि १९८८ सालापासून तेथें लेखक-वाचकांचा मोठा मेळावा भरूं लागला. त्यावरूनच स्फूर्ति घेऊन आपल्या शासनानें सातारा जिल्ह्यांतील भिलार येथें ४ मे २०१७ रोजीं पुस्तकांचें गांव वसविलें. आरंभीं २५ ठिकाणीं सुमारें १५,००० पुस्तकें ठेविलीं गेलीं. तेथें पुस्तकें बसून वाचण्यासाठीं आहेत, विकत घेऊन घरीं नेण्यासाठीं नाहींत. तरी डोंगरांतल्या गांवीं लोक पुस्तकांसाठीं येतात, एवढें तेथें सिद्ध झालें आहे.

दुसरें उत्तर असें कीं, दुकान एकट्या दुकानदारानें चालवावयाचें नसतें. गांवानें चालवावयाचें असतें. ह्यासाठीं आम्ही चार साध्या गोष्टी सुचवितों. पहिली: गांवांतील एखाद्या वह्या-पुस्तकांच्या दुकानदारानें तीन फळ्या मोकळ्या कराव्या, एक नव्या, एक सवलतीच्या व एक जुन्या पुस्तकांसाठीं. न खपल्यास परत घेण्याच्या बोलीवर प्रकाशकांकडून माल घेतल्यास त्याचें भांडवल अडकणार नाहीं. दुसरी: तालुक्यांतील शाळांनीं बक्षिसांची खरेदी त्याच दुकानांतून करावी. आज आम्ही स्टीलचे डबे व प्लॅस्टिकचीं पदकें देतों. तोच पैसा पुस्तकांवर खर्च झाला, तर दुकानाचें वर्षाचें भाडें निघेल. बक्षीस म्हणून पुस्तक न देतां तितक्या रुपयांची चिठी द्यावी व मुलानें फळीवरून स्वतः पुस्तक निवडावें. तिसरी: निवृत्त शिक्षकांनीं व बदलून जाणाऱ्या अधिकाऱ्यांनीं आपलीं वाचून झालेलीं पुस्तकें वाळवीस अर्पण न करतां त्या फळीवर द्यावीं. आमच्या पश्चिमेकडील पावसांत बंद पेटींतलें पुस्तक फार दिवस तग धरीत नाहीं. नववी-दहावीचीं पाठ्यपुस्तकें पालकांस विकत घ्यावीं लागतात. तींहि दर जूनमध्यें येथेंच फिरावीं. चौथी: प्रत्येक सत्रांत एका लेखकास बोलवावें, मग तो मोठा असो वा लहान. त्यास येण्याजाण्याचें भाडें व जेवण द्यावें, शालीऐवजीं त्याचीं दहा पुस्तकें घ्यावीं, आणि मुलांनीं तीं आधीं वाचावीं.

ह्यांतील कांहींहि शासनाच्या मंजुरीवांचून अडून राहिलेलें नाहीं. आम्हां शिक्षकांचा आळस मात्र आड येतो, व त्यांत आम्ही स्वतःसहि धरतों. वीस वर्षें आम्ही वर्गांत 'वाचाल तर वाचाल' असें फळ्यावर लिहीत आलों. परंतु काय वाचावें व तें कोठें मिळेल, हें सांगण्याची तसदी आम्हीं फारशी घेतली नाहीं. प्रेषित पौल बंदिवासांत असतां तीमथ्यास लिहितो कीं, त्रोवसांत राहिलेला झगा घेऊन ये, आणि पुस्तकेंहि आण. थंडीच्या दिवसांत झग्याच्या जोडीनें ज्यास पुस्तकांची आठवण होते, त्यास आपणांस काय पाहिजे हें ठाऊक असतें. आमच्या विद्यार्थ्यांस तेवढें ठाऊक झालें, तरी आम्ही आमचें काम झालें असें समजूं.

त्या चाळीस रुपयांचें काय झालें, हें सांगावयाचें राहिलें. पुण्यास एका जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर आम्हीं अर्धा तास घालविला व शिकारकथांचें एक पुस्तक तीस रुपयांस घेतलें. त्याच्या पहिल्या पानावर कोणा मुलाचें नांव व इयत्ता शाईनें लिहिलेली होती. परत आल्यावर पुस्तक व उरलेले दहा रुपये आम्हीं विद्यार्थ्याच्या हातीं दिले. आठ दिवसांनीं तो भेटला. "वाचलेंस का?" असें विचारतां म्हणाला, "दोनदां वाचलें, सर. चांगलें आहे." मग जरा थांबून म्हणाला, "पण पुढच्या वेळीं मी बरोबर येईन. मला स्वतः पाहावयाचें आहे."

त्याच्याजवळ दहा रुपये आहेत, आणि तो पुन्हां साठवीत आहे. त्याला पुण्यापर्यंत जावें लागूं नये, एवढीच आमची विनंती आहे.